व्याह्यांचा वेढा

मास्तरांना कुणी वेळ विचारली तरी ते इतिहास सांगत. सगळी नोकरी शाळेत इतिहास शिकवण्यात गेली, आणि निवृत्त झाल्यावर समोर वर्ग उरला नाही, तेव्हा भेटेल त्याला शिकवायला लागले. दूधवाला सुटला नाही, नळ दुरुस्त करायला आलेला माणूस सुटला नाही, बँकेत काउंटरवर बसणारी मुलगी तर त्यांना लांबून बघूनच खिडकीवर 'बंद'ची पाटी लावायची. विषय एकच. चारशे वर्षांपूर्वी आपल्या शहराला वेढा कसा पडला, विहिरी कशा आटल्या, नदीकडचा दरवाजा कसा उघडला गेला आणि टेकडीवरच्या प्रार्थनागृहात आसऱ्याला गेलेल्या माणसांचं पुढे काय झालं. यावर त्यांनी एक जाडजूड पुस्तकही लिहिलं होतं. विकलं गेलं ते थोडं. बाकीचं पलंगाखाली होतं, आणि झाडू मारताना त्यांच्या बायकोच्या हाताला दर दिवशी लागत होतं.

अशा माणसाच्या लेकीने लग्न ठरवलं ते नेमकं वेढा घालणाऱ्यांच्या धर्मातल्या मुलाशी. नातेवाइकांना वाटलं, आता मास्तर घर डोक्यावर घेणार. मास्तरांनी मुलाला समोर बसवलं, चष्मा पुसला आणि विचारलं, "सिगारेट ओढता का?" मुलगा नाही म्हणाला. "मग माझी हरकत नाही," म्हणाले, आणि विषय संपला.

हरकत निघाली ती मुलाच्या वडिलांच्या बाबतीत. ते निवृत्त वकील. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, घरात एकटे, आणि वाद घालायला कोर्ट उरलेलं नाही. दोन्ही घरं पहिल्यांदा चहाला जमली. वकीलसाहेबांनी मास्तरांचं पुस्तक हातात घेतलं, मधलंच एक पान काढलं आणि म्हणाले, "मास्तर, हे तुमचं चौथं प्रकरण कोर्टात टिकणार नाही. सगळी ऐकीव साक्ष आहे."

चौथं प्रकरण म्हणजे प्रार्थनागृहातली कत्तल. मास्तरांनी हातातला कप बशीत असा ठेवला की बशीला तडा गेला.

त्या दिवसापासून दोघांचं विळ्याभोपळ्याचं सख्य जमलं. दर रविवारी वकील यायचे, चहा व्हायचा, आणि चहा संपायच्या आत शब्दाने शब्द वाढायचा. वकील म्हणायचे, आत कुणाला मारलंच नाही, ती नंतर रचलेली कहाणी. मास्तर म्हणायचे, तीन वेगवेगळ्या माणसांनी तीन ठिकाणी लिहून ठेवलंय. वकील म्हणायचे, तिघेही हरलेल्या बाजूचे. मास्तर म्हणायचे, मेलेले काय जिंकलेल्या बाजूचे असतात? मग लेक आणि जावई उठून गच्चीवर जायचे, आणि मास्तरीणबाई रेडिओचा आवाज वाढवायच्या.

असं बरीच वर्षं चाललं. मग एके सकाळी दाढी करता करता मास्तरांच्या हातातून ब्रश गळून पडला. त्यांनी बायकोला हाक मारली, पण हाक आली ती शब्दाची नव्हती, नुसता आवाज होता. मास्तरीणबाई धावत आल्या तेव्हा ते बेसिनला टेकून उभे होते, अर्ध्या तोंडाला फेस, आणि उरलेलं अर्धं तोंड एका बाजूला ओघळलेलं.

लेक आणि जावई परगावी होते. मास्तरीणबाईंनी फोन लावला तो वकिलांना. वकील घरातल्या सपाता आणि पायजम्यावरच गाडी घेऊन आले. त्यांनी मास्तरांना शेजाऱ्याच्या मदतीने जिन्यावरून खाली आणलं, मागच्या सीटवर आडवं केलं आणि सिग्नलबिग्नल न बघता दवाखाना गाठला. डॉक्टर नंतर म्हणाले, थोडा उशीर झाला असता तर कठीण होतं. मास्तरांना त्या प्रवासातलं एवढंच आठवत होतं की पुढच्या सीटवरून वकील सारखे ओरडत होते, "झोपायचं नाही, मास्तर! झोपलात तर तुमचं चौथं प्रकरण खोटं आहे असं मी धरून चालेन!"

जीव वाचला. उजवा हात आणि पाय हळूहळू ताब्यात यायला लागले. बोलणं मात्र गेलं. डोक्यात सगळं जागच्या जागी होतं. वेढ्याचे महिने, सरदारांची नावं, बायकोचा वाढदिवस, सगळं. पण तोंड उघडलं की एक तर काही येत नसे, नाहीतर भलतंच येई. स्पीच थेरपिस्ट म्हणून एक तरुण बाई घरी यायची. ती चित्रांची कार्डं समोर धरायची. कपाचं चित्र दाखवून विचारायची, "हे काय आहे, काका?" मास्तरांना कप दिसत होता, त्याचा कान दिसत होता, चहाचा वाससुद्धा येत होता. ते ताकद लावून म्हणायचे, "खिडकी." आणि मग त्यांचं त्यांनाच कळायचं की चुकलं, आणि ते भिंतीकडे तोंड करून पडायचे.

थोड्या दिवसांनी त्यांनी प्रयत्न करणंही सोडलं. ज्याने हजारो पोरांना बोलायला उभं केलं, त्याने कार्डावरच्या कपाला खिडकी म्हणायचं, यापेक्षा गप्प बसलेलं बरं. थेरपिस्ट कार्डं धरायची, मास्तर डोळे मिटायचे. लोक भेटायला यायचे, मोठ्या आवाजात बोलायचे, जणू बहिरेपण आलंय, आणि जाताना बायकोला बाजूला घेऊन हळू आवाजात बोलायचे, जणू वेडेपण आलंय. मास्तरीणबाई त्यांना चमच्याने सूप भरवायच्या आणि काही बोलायच्या नाहीत. त्या फक्त तोंड पुसून द्यायच्या, नेहमी त्याच मऊ फडक्याने.

एकदा निघताना थेरपिस्ट दारात मास्तरीणबाईंना म्हणाली, "काकू, कार्डं त्यांना आवडत नाहीत. त्यांना मनापासून कशाचं काय वाटतं, ते शोधा. त्यावर बोला. हसू आलं तरी चालेल, राग आला तरी चालेल. रागात कधीकधी शब्द आपसूक सुटतो."

वकील तेव्हा दारात चपला काढत होते. त्यांनी ते ऐकलं, आणि परत चपला घालून आल्या पावली निघून गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते आले तेव्हा त्यांच्या हातात एक जुनी कादंबरी होती. त्या वेढ्यावर लिहिलेली. शहरात घरोघरी वाचली गेलेली, आणि मास्तरांचा जिच्यावर दात होता अशी. तिच्यात नदीकडचा दरवाजा प्रेमात पडलेला पहारेकरी उघडतो, आणि जिंकून आलेला सेनापती चांदण्यात शहर बघून रडतो. मास्तरांनी त्या कादंबरीवर एकेकाळी वर्तमानपत्रात इतकी पत्रं लिहिली होती की संपादकांनी शेवटी त्यांना हात जोडून थांबवलं होतं.

वकिलांनी खुर्ची पलंगाला चिकटवली. विचारपूस नाही, तब्येत कशी नाही. पान उघडलं आणि कोर्टात आरोपपत्र वाचावं तसं खणखणीत वाचायला लागले.

"'पहाट झाली. नदीकडचा दरवाजा उघडला गेला, आणि पांढऱ्याशुभ्र घोड्यावर स्वार होऊन सेनापती शहरात शिरला.' वा! काय चित्र उभं केलंय!"

मास्तरांनी डोळे उघडले. सेनापती घोड्यावर नव्हता. त्याचा पाय आधीच्या लढाईत मोडला होता आणि त्याला डोलीत घालून आणलं होतं. ही गोष्ट सिद्ध करायला मास्तरांनी उमेदीची दोन वर्षं घालवली होती.

"पांढराच असणार घोडा," वकील म्हणाले. "का तपकिरी होता हो, मास्तर?"

मास्तरांच्या घशातून एक गुरगुर निघाली.

"काळा? बरं, काळा म्हणू. आपल्याला काय, घोडा तर होताच."

"खो," मास्तर म्हणाले. त्यांचा चेहरा लाल झाला. "खो... खो..."

"खोकला येतोय? विहीणबाई, जरा पाणी आणता का?"

"खोटं!"

मास्तरीणबाई पाण्याचा पेला घेऊन दारात आल्या होत्या, त्या तिथेच थांबल्या. शब्द स्पष्ट होता, पूर्ण होता, आणि जागेवर होता. मास्तर स्वतःच इतके दचकले की त्यांनी डाव्या हाताने स्वतःच्या ओठांना हात लावून पाहिला. वकिलांनी मात्र पापणीही हलवली नाही. त्यांनी पान उलटलं.

"खोटं कसं म्हणता? छापलंय इथे. पुढे ऐका."

त्या दिवसापासून वकील रोज यायला लागले. आणि काय वाट्टेल ते बोलायला लागले. वेढा तीन वर्षं चालला म्हणायचे. विहिरी भरलेल्या होत्या म्हणायचे. एकदा तर म्हणाले, "वेढा पडला तेव्हा शहराला तटबंदीच नव्हती, नंतर बांधली." मास्तर पलंगावर उठून बसले, झटका आल्यापासून पहिल्यांदा कुणाचा हात न धरता, आणि "भिंत! आधी! आधी!" असं ओरडले. खालच्या मजल्यावरची बाई विचारायला वर आली, सगळं ठीक आहे ना. मास्तरीणबाई म्हणाल्या, "अगदी छान आहे. भांडतायत."

शब्द एकेक करून परत येत होते, पण ते रागाच्या पाठीवर बसूनच येत होते. वकील घरी गेले की मास्तरांना पाणी मागायलाही शब्द सापडत नसे. तरी थेरपिस्ट खूश होती. आता ती कपाचं कार्ड दाखवून म्हणायची, "हा घोडा आहे ना, काका?" आणि मास्तर चिडून म्हणायचे, "कप!"

मास्तरांना वकिलांचा खराखुरा संताप यायचा. आपण असे लोळागोळा होऊन पडलोय, आणि हा माणूस आपल्या उरावर बसून चारशे वर्षांचं वाटोळं करतोय. आधी निदान एका चौथ्या प्रकरणावर वाद होता, आता तर सगळंच चुकीचं बोलतो. वय झालं म्हणायचं का याचं? की आपल्याला उत्तर देता येत नाही म्हणून मैदान मोकळं सापडलंय? रोज दुपार व्हायला लागली की ते मनातल्या मनात वाक्यं जुळवत बसायचे. आज हा दारूगोळ्यावर आला तर काय म्हणायचं, डोलीवर आला तर काय म्हणायचं. दाराची बेल वाजली की त्यांची मान ताठ व्हायची. जेवण नीट जायला लागलं होतं, हे त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं.

मग एका दुपारी वकील लवकर आले. मास्तरांचा डोळा लागलाय असं समजून ते सरळ स्वयंपाकघरात गेले. मास्तर जागे होते. भिंतीला टेकत टेकत, मोरीकडे जायचं म्हणून ते पॅसेजमधून निघाले, आणि स्वयंपाकघराच्या दाराशी त्यांच्या कानावर बोलणं पडलं.

"विहीणबाई, आज काय चुकवू?" वकील विचारत होते. "सेनापतीचं नाव काल चुकवून झालं. विहिरींचं परत काढू का?"

"विहिरींचं नको," मास्तरीणबाई म्हणाल्या. त्या भाजी चिरत होत्या, सुरीचा आवाज येत होता. "त्याने त्यांचा बीपी वाढतो. परवा रात्री गोळी द्यावी लागली. तोफांचं चुकवा."

"तोफा किती होत्या खऱ्या?"

"अकरा. पण दोन पहिल्याच आठवड्यात फुटल्या."

"मग मी शंभर म्हणतो."

"शंभर म्हणालात तर त्यांना संशय येईल. चाळीस म्हणा. आणि फुटल्याच नाहीत म्हणा, म्हणजे 'फुटल्या' हा शब्द त्यांना काढावा लागेल. ते जोडाक्षर त्यांना जड जातंय, बाई सांगत होती."

मास्तर भिंतीला धरून उभे राहिले. आधी त्यांना राग आला. म्हणजे हे दोघं मिळून आपल्याला लहान पोरासारखं खेळवतायत. दार ढकलून आत जावं असं वाटलं. पण पाय हलला नाही, आणि पाय हलायची वाट बघता बघता राग कुठे गेला ते कळलं नाही. अकरा तोफा. दोन फुटल्या. हे कुठे लिहिलं होतं त्यांनी? पुस्तकात अगदी तळाशी, बारीक टाइपातल्या टिपेत. कुणी वाचली असेल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. आणि ही बाई चाळीस वर्षं रेडिओचा आवाज वाढवत होती!

ते आल्या वाटेने, भिंतीला धरून परत गेले आणि पलंगावर आडवे झाले. थोड्या वेळाने वकील आले, खुर्ची ओढली आणि म्हणाले, "मास्तर, चाळीस तोफा म्हणजे काही कमी नव्हे. आणि एकही फुटली नाही, बरं का."

मास्तरांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. दाढी वाढलेली, डोळ्यांखाली काळं, बगलेत ती कादंबरी आणि शर्टाच्या खिशात गोळ्यांचं पाकीट. हा माणूस स्वतः दमेकरी, आणि रोज तीन जिने चढून भांडायला येतोय. मास्तरांना हसू फुटलं होतं, ते त्यांनी खोकल्यात दडवलं. मग आवश्यक तेवढं चिडून, सगळी ताकद लावून म्हणाले, "फु... फुट-ल्या. दोन."

खोटंखोटं चिडूनही शब्द निघाला, हे त्यांच्या लक्षात आलं. पण ते कुणाला सांगायला गेले नाहीत. चाललंय ते त्यांना चालू ठेवायचं होतं.

याच सुमाराला पुढारी भेटायला आला. पुढारी म्हणजे मास्तरांचा जुना विद्यार्थी, शाळेत मागच्या बाकावरचा. आता त्याची संघटना होती, मागेपुढे माणसं होती. मास्तरांवर त्याचा खरोखर जीव होता, वर्गात वेढा ऐकताना तो एकटाच रडला होता. तो दोन माणसांना घेऊन आला, फळांची टोपली ठेवली, खाली सतरंजीवरच बसला.

"सर, टेकडीवर मोर्चा नेतोय आम्ही," तो म्हणाला. "वेढ्यात गेलेली ती जागा आता तरी आपल्याला परत मिळाली पाहिजे. तुमचं चौथं प्रकरण छापून घरोघर वाटायचंय. वर तुमचा फोटो. हजारो लोक वाचतील, सर. तुम्ही बोलू नका, त्रास घेऊ नका. नुसती मान हलवा."

मास्तरांच्या मनात एकच घुमत राहिलं. हजारो लोक. पलंगाखालचे गठ्ठे त्यांच्या बरोब्बर पाठीखाली होते. आयुष्यभर त्यांना दुसरं काय हवं होतं? आणि त्या प्रकरणातला शब्द न् शब्द खरा होता. मान हलवणं तर आता अगदी सोपं होतं.

वकील खुर्चीत बसले होते, कादंबरी मांडीवर. पुढाऱ्याने त्यांच्याकडे पाहिलं. आवाज अदबीचाच होता, पण धार होती. "तुम्ही तर हे मानतच नाही ना, वकीलसाहेब? रचलेली कहाणी म्हणता असं ऐकलंय."

मास्तरीणबाईंनी चहाचा ट्रे तसाच हातात धरून ठेवला. वकिलांनी चष्मा काढला, परत घातला.

"म्हणत होतो," ते म्हणाले. "बरीच वर्षं म्हणत होतो. पण पुस्तक धड वाचलं नव्हतं. चाळलं होतं, वकील विरुद्ध पक्षाचे कागद चाळतो तसं. आता मास्तरांना चिडवायचं म्हणजे नेमकं काय चुकवायचं ते कळायला हवं ना? म्हणून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, टिपांसकट." त्यांनी मांडीवरची कादंबरी मिटली. "आत माणसं मारली. दार लावून घेतलेली, हत्यार नसलेली माणसं. आमच्या लोकांनी मारली. मास्तरांनी लिहिलंय ते खरं आहे."

इतक्या रविवारी मास्तर हे एक वाक्य ऐकायला धडपडले होते. ऐकल्यावर आपण जिंकू असं त्यांना वाटायचं. आता ते समोर ठेवलेलं होतं, आणि ते म्हणणाऱ्या माणसाचे हात मिटलेल्या कादंबरीवर पडले होते. मास्तरांना जिंकल्यासारखं काही वाटलं नाही. उठून त्या हातांवर आपला हात ठेवावा एवढंच वाटलं.

"बघा, सर!" पुढारी खुलला. "हेही छापू आपण. त्यांच्याच तोंडून कबुली."

"दु," मास्तर म्हणाले.

सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं.

"दु... दुसरं."

"दुसरं काय, सर? दुसरा फोटो?"

मास्तरांनी मान हलवली, नाही म्हणून. घाम फुटला होता. शब्द दिसत होते, पण हाताला लागत नव्हते. कुणी त्यांना चिडवत नव्हतं, आणि चिडल्याशिवाय त्यांना बोलायचं होतं. त्यांनी बायकोकडे पाहिलं.

"दुसरं प्रकरण म्हणतायत," मास्तरीणबाई म्हणाल्या, जणू बाजारहाटाचं काही सांगतायत. "चौथ्याबरोबर दुसरंही छापा म्हणतायत. वेढ्याच्या शंभर वर्षं आधी ती टेकडीवरची जागा वकीलसाहेबांच्या धर्माची होती. ती आपल्या लोकांनी घेतली. त्यांचे धर्मगुरू कड्यावरून लोटले आणि खांब फोडले. ते दुसऱ्या प्रकरणात आहे."

पुढाऱ्याचा चेहरा उतरला. "ते कशाला, सर? तो विषय वेगळा. आणि पत्रकात जागा कुठे असते एवढी?"

"एकच," मास्तर म्हणाले. त्यांनी डावा हात वर केला, वर्गात करायचे तसा. "एकच... पुस्तक."

"सर, पण—"

"मग... नाही."

पुढाऱ्याने बरोबरच्या माणसांना खूण केली. मग उठला. रागावला होता, पण सरांवर आवाज चढवण्याइतका नाही. दाराशी जाऊन परत वळला आणि म्हणाला, "एक प्रत द्या, सर. सगळं पुस्तक." मास्तरीणबाईंनी पलंगाखाली वाकून धूळ झटकून एक प्रत त्याच्या हातात ठेवली. ती त्याने वाचली की नाही कुणास ठाऊक. मोर्चा निघाला, घोषणा झाल्या, बाजारातल्या दोनचार दुकानांच्या काचा फुटल्या, आणि संध्याकाळपर्यंत पांगला. मास्तरांचं नाव आणि फोटो त्यात कुठेही नव्हता. पुढाऱ्याने सरांचा तेवढा शब्द राखला, याचं मास्तरांना नंतरही बरं वाटत राहिलं.

पण त्या दुपारी माणसं गेल्यावर खोलीत मास्तर, वकील आणि गार झालेला चहा एवढंच उरलं. वकील कादंबरीच्या पुठ्ठ्यावर बोट फिरवत बसले होते. मास्तरांना त्यांना काहीतरी सांगायचं होतं. दवाखान्याच्या दिवसापासून साठलेलं. सपाता घालून आलात, जिने चढलात, रोज माझ्या शिव्या खाल्ल्यात, माझं सगळं पुस्तक वाचलंत, आणि आज हे बोललात. या सगळ्याला पुरेल असा एक शब्द होता, तो त्यांनी मनात दोनदा म्हणून पाहिला. मग खाकरले.

"वकील. मी... तुमचा... फार... आजारी आहे."

वकिलांनी वर पाहिलं. "ते दिसतंच आहे, मास्तर. म्हणून तर आलो."

मास्तरांनी हात झटकला. "नाही! आ... आजारी. आजा... छे!"

दारात मास्तरीणबाईंना हसू आवरेना. त्यांनी पदर तोंडाला लावला, पण खांदे हलत होते. "अहो वकीलसाहेब, आभारी! आभारी म्हणायचंय त्यांना!"

वकील जे हसायला लागले ते दम लागेपर्यंत, खिशातली गोळी काढून घ्यावी लागेपर्यंत हसले. मास्तरही हसले. तोंडाची एक बाजू अजून थोडी मागे पडत होती, त्यामुळे ते अर्धंच हसल्यासारखं दिसत होतं, पण आतून पूर्ण होतं. हसता हसता वकिलांनी चष्मा काढून डोळे पुसले, आणि पुसायला जरा जास्तच वेळ लावला.

"मीही तुमचा आजारीच आहे, मास्तर," ते म्हणाले. "घरी बसून भिंतींशी भांडत होतो. इथे निदान माणूस मिळतो."

बोलणं पुढे सुधारलं, पण सगळं परत आलं नाही. लांब, वळणाची वाक्यं गेली ती गेलीच. जे सांगायचं ते मास्तरांना चारदोन शब्दांत सांगावं लागे. दूधवाला आता थांबून ऐकायला लागला होता. कादंबरी वाचून संपली तेव्हा वकिलांनी मास्तरांचं पुस्तक उघडलं. ते दुसरं प्रकरण मोठ्याने वाचत आणि मास्तर ऐकत, मग चौथं वाचत आणि मास्तर ऐकत. अधूनमधून मास्तर हात वर करून एखादं वाक्य थांबवत आणि म्हणत, "इथे... जास्त लिहिलं." वकील पेन्सिलीने खूण करत. गच्चीवर पळणारी लेक आणि जावई हल्ली खालीच बसत.

एका संध्याकाळी वकील गेल्यावर मास्तर खिडकीशी बसले होते आणि मास्तरीणबाई दोरीवरून काढलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या. रेडिओ बंद होता. मास्तरांनी बराच वेळ जुळवाजुळव केली.

"तू," ते म्हणाले. "ऐकत... होतीस. इतकी वर्षं."

"मग काय करणार?" त्यांनी शर्टाची बाही सरळ केली. "घर केवढं, तुमचा आवाज केवढा."

मास्तरांनी तिचा हात धरला. आभारी हा शब्द त्यांना आता नीट म्हणता येत होता, थेरपिस्टने पाठच करून घेतला होता. पण तो त्यांना तोकडा वाटला. त्यांनी हात धरूनच ठेवला, आणि तिनेही एका हाताने घडी घालता येत नाही अशी तक्रार केली नाही.

थोड्या वेळाने ती म्हणाली, "एक विचारू का? कधीपासून मनात आहे. तुम्ही श्वास घ्यायला थांबायचा नाहीत, म्हणून राहून गेलं."

मास्तरांनी मान हलवली.

"पुस्तक शहर पडतं तिथे संपतं. पण जी माणसं वाचली, ती पुढे गेली कुठे?"

मास्तर विचारात पडले. हे त्यांना वर्गात कुणी विचारलं नव्हतं, रविवारी वकिलांनीही नाही. त्यांनी खुर्ची खिडकीकडून तिच्याकडे वळवून घेतली.

"कुठे... नाही गेली," ते सावकाश म्हणाले. "काही नदीपलीकडे. बाकी... इथेच. घरं... पडलेली. शेजारी... ते. जिंकलेले. मग पहिल्या हिवाळ्यात..."

शब्द अडला. मास्तरीणबाईंनी पुढची घडी हातात घेतली आणि, काही घाई नाही अशा बेताने, तो यायची वाट बघत राहिल्या.